बालीला गेलात तर एटीव्हीवर मागे बसू नका, स्वतःची वेगळी घ्या

बालीच्या पॅकेजमध्ये आजकाल एटीव्ही राईड असतेच. म्हणजे ती चार जाड चाकांची, हँडलवाली गाडी, चिखलातून, ओढ्यातून, भाताच्या शेताच्या कडेकडेने नेतात ती. आमच्या अमळनेरातून, धुळ्यातून, जळगावातून आता बरेच लोक बालीला जायला लागलेत आणि परत आल्यावर बायकांना विचारलं की एटीव्ही कशी होती, तर बहुतेक जणी सांगतात यांनी चालवली, मी मागे बसले होते, कंबर दुखली नुसती. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. एवढे पैसे खर्च करून एवढ्या लांब जायचं आणि जी गोष्ट आयुष्यात एकदाच हातात येणार ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत घालवायची. म्हणून मी आणि माझ्या नणंदेने काय केलं, कसं केलं ते सगळं सविस्तर लिहितेय, जिला जायचंय तिला उपयोगी पडेल.

आम्ही दोन कुटुंबं होतो. मी, आमचे हे, माझी मोठी नणंद म्हणजे ताई, त्यांचे मिस्टर आणि भाचा. ताई साक्री तालुक्यात असतात, पांझरेच्या काठचं गाव, घरची शेती, पन्नाशी ओलांडलेली. मला स्कूटी येते, रोज बाजारात, बँकेत, मुलांच्या क्लासला तीच नेते. ताईंना सायकलसुद्धा येत नाही. माझं माहेर चोपड्याकडचं, घरी केळी आणि कपाशी, ट्रॅक्टर दारात उभा असायचा, भाऊ सातवी-आठवीत असतानाच तो चालवायला शिकले, मी मात्र कायम मडगार्डवर बसून शेतात गेले. हे सांगायचं कारण एवढंच की आम्ही दोघी काही रायडर वगैरे नाही, साध्या घरच्या बायका आहोत, आणि आम्हाला जमलं.

अमळनेरहून मुंबईला खान्देश एक्सप्रेसने गेलो, पुढे विमान. ते सगळं सोडून देते, ट्रॅव्हलवाले सांगतातच. फक्त एवढं लक्षात ठेवा, बालीला व्हिसा उतरल्यावर मिळतो, 5 लाख रुपिया (तिथलं चलन) लागतात, 30 दिवस चालतो, आणि 2024 पासून पर्यटकांवर वेगळा दीड लाख रुपियाचा कर लावलाय तो ऑनलाईन भरून ठेवला तर बरं. आकडे ऐकून घाबरू नका, आमच्या ह्यांनी सोपी युक्ती काढली होती, शेवटचे तीन शून्य काढायचे आणि सव्वापाच-साडेपाचने गुणायचं, की आपले रुपये येतात.

समुद्राजवळच हॉटेल होतं. पहिले दिवस किनाऱ्यावरच गेले, समुद्र बघून ताई तर तासन् तास पाण्यात पाय सोडून बसायच्या. भाच्याला वाटत होतं एटीव्ही बीचवरच चालवायची असते, कारण आपल्याकडे नागावला वगैरे वाळूवरच राऊंड मारतात. पण तिथली खरी राईड समुद्रापासून आत, उबुद नावाच्या गावाच्या आसपास असते, डोंगरउतार, झाडी आणि भातशेती आहे तिकडे. आणि मला विचाराल तर वाळूवर गाड्या फिरवूच नयेत. आपल्या कोकणात वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वाळूत खड्डा करून अंडी पुरतात आणि निघून जातात, वरून काही दिसत नाही. बालीच्या कुटा किनाऱ्यावरही तीच कासवं येतात. अशा वाळूवरून जाड टायर नेला तर खाली काय चिरडलं ते चालवणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. म्हणून ट्रॅक केलेल्या जागीच चालवायची, मग ती कोकणात असो की बालीत.

आता मुद्द्याची गोष्ट, बुकिंग. पॅकेजच्या कागदावर लिहिलेलं होतं "एटीव्ही राईड टँडम". टँडम म्हणजे एका गाडीवर दोघं, पुढचा चालवतो, मागचा धरून बसतो. न विचारता जोडप्याला हेच देतात. मी निघायच्या आधीच एजंटला फोन केला की मला आणि ताईंना सिंगल पाहिजे, तर तो म्हणे मॅडम लेडीज मागेच बसतात, सगळ्याच बसतात. मी म्हटलं दादा, फरक किती पडतो तेवढं सांगा. माणशी हजाराच्या आत फरक होता. पूर्ण राईड, जाणं-येणं, जेवण धरून सिंगलचे साधारण चार हजार पडले. ताईंचे मिस्टर जरा कुरकुरले, की हिला सायकल येत नाही, गाडी कशी चालवेल. पण एटीव्हीला तोल सांभाळायचा नसतो, चार चाकं आहेत, उभी केली की उभीच राहते. सायकल न येणाऱ्या बाईला स्कूटीपेक्षा ही सोपी. हे मी व्हिडिओ बघून आधीच नीट समजून घेतलं होतं म्हणून ठामपणे बोलू शकले.

अजून एक काम घरूनच करा. ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद वाचा. आमच्या पॉलिसीत अ‍ॅडव्हेंचरच्या गोष्टी धरलेल्या नव्हत्या, त्यासाठी थोडे जास्त पैसे भरून वेगळं कलम घ्यावं लागलं. तिथे गेल्यावर एक फॉर्म भरून सही घेतात की काही झालं तर जबाबदारी माझी, त्यामुळे आपली सोय आपणच करून जायची. आणि ज्यांना मणक्याचा त्रास आहे, हृदयाचं काही आहे, गरोदर आहेत त्यांनी बसूच नये, पुढेही नाही आणि मागेही नाही. हे त्या फॉर्मवर पण लिहिलेलं असतं पण लोक वाचत नाहीत, सही ठोकतात.

भाचा चौदा वर्षांचा. त्याला सिंगल हवी होती, रडायचाच बाकी होता. पण मोठ्या एटीव्हीवर कंपनीचंच स्टिकर असतं की 16 वर्षांखालच्या मुलांनी चालवू नये, आणि ते काही उगाच नाही. अमेरिकेत या गाड्यांमुळे एवढे अपघात झाले होते की पूर्वी तीन चाकांची जी एटीव्ही यायची तिची विक्री 1988 मध्ये बंदच करावी लागली, ती वळणावर उलटायची. चार चाकांची त्यापेक्षा स्थिर, पण वजन चांगलंच असतं आणि अंगावर पडली तर लहान मुलाला उचलता येत नाही. त्या जागी दुसरी एक गाडी पण होती, बग्गीसारखी, तिला स्टिअरिंग असतं, शेजारी शेजारी दोन सीट, पट्टा, आणि वरून लोखंडी पाईपचा पिंजरा. भाचा त्याच्या वडिलांबरोबर त्यात बसला. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं किंवा मुलं आहेत त्यांनी ही बग्गी मागा, पट्टा असल्यामुळे माणूस उडून बाहेर पडत नाही.

सकाळी हॉटेलवरून गाडी न्यायला आली. किनाऱ्यावरून उबुदकडे जायला तास-दीड तास लागतो, ट्रॅफिक भयंकर, रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूला दगडात कोरीव काम करणाऱ्यांची दुकानं. सकाळचीच वेळ घ्या, दुपारी तिथे अंगाची नुसती लाही होते. आपल्याकडे मे मध्ये 45 डिग्री असतं पण कोरडं असतं, सावलीत बसलं की बरं वाटतं, तिथे हवेतच एवढं पाणी की सावलीतही घाम थांबत नाही.

कपड्यांचं बायकांनी नीट वाचा, कारण हे कुणी सांगत नाही. साडी नाही, ओढणी अजिबात नाही. मागच्या चाकाजवळ चेन असते, उघडं फिरणारं असतं, ओढणीचं टोक त्यात गेलं तर गळ्याला फास बसायला एक सेकंद पुरतो. ताई पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, ओढणी मी गाडीतच काढून पिशवीत ठेवायला लावली. मंगळसूत्र कुडत्याच्या आत. वेणीचा आंबाडा बांधून हेल्मेटखाली. बांगड्या काचेच्या असतील तर हॉटेलवरच काढून ठेवा. आणि जोडवी! तिथे गुडघ्यापर्यंत रबरी गमबूट देतात, त्यात जोडवी बोटांना अशी काही चावतात की ब्रेकपेक्षा लक्ष पायाकडेच राहतं. ताईंनी लग्नापासून जोडवी काढली नव्हती, त्या काढायला तयार होईनात, शेवटी मी माझे जाड मोजे त्यांना दिले आणि त्यांनी ती बोटांवरून जरा वर सरकवून वरून दोन-दोन मोजे घातले. मोजे जास्तीचे न्याच, गमबूट सगळ्यांनी घातलेले असतात, आत ओले असतात.

हेल्मेट घालून बघा, हनुवटीखालचा पट्टा खटकन लागतो का ते बघा. मला दिलं त्याचं बक्कल तुटलेलं होतं, नुसती गाठ मारून देत होते, मी घेतलं नाही. दुसरं मागितलं, ते सैल, तिसरं बरोबर बसलं. तिथला पोरगा जरा वैतागला पण मी तशीच उभी राहिले. डोक्याचा प्रश्न आहे.

मग गाड्यांजवळ नेलं. रांगेत उभ्या होत्या, आणि मला एकदम बरं वाटलं कारण पहिल्या गाडीच्या हँडलवर नारळाच्या पानाची छोटीशी चौकोनी टोपली ठेवलेली, त्यात फुलं, चार दाणे भात, वर पेटलेली उदबत्ती. त्याला ते चनांग सारी म्हणतात, रोज करतात, घरासमोर, दुकानासमोर, गाडीवर, सगळीकडे. गाईडने सांगितलं की लोखंडाच्या वस्तूंचा त्यांचा वेगळा सणच असतो, तुंपेक लांदेप, 210 दिवसांनी येतो, त्या दिवशी मोटारी-मोटारसायकली सगळ्यांची पूजा. आपण दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतो तेच की. ताईंनी दोन्ही हात जोडले आणि मग गाडीला हात लावला.

गाईडने शिकवायला घेतलं, ते मी जसंच्या तसं सांगते कारण सगळं यातच आहे. पहिली गोष्ट, एक्सिलरेटर स्कूटीसारखा मूठ पिळायचा नसतो. उजव्या अंगठ्याजवळ एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने आत ढकलायची. स्कूटी चालवणाऱ्यांना हीच सवय मोडायची असते, घाबरलं की आपण मूठ आवळतो, इथे मूठ आवळून काही होत नाही ते चांगलंच आहे, पण अंगठा दाबलेला राहिला तर गाडी पळतच राहते. म्हणून तो म्हणाला, भीती वाटली की पहिले अंगठा उचला. आमची गाडी ऑटोमॅटिक होती, पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढ्यासाठी एक दांडा, क्लच नाही. ब्रेक दोन्ही हाताला. आणि हँडलवर लाल बटण, ते दाबलं की इंजिन बंद. आमच्या मिस्टरांनी विचारलं टायरमध्ये हवा कमी वाटतेय, तर तो हसला, या टायरमध्ये हवा कमीच ठेवतात, साधारण चार ते सात पीएसआय, स्कूटीत पंचवीसच्या आसपास असते बघा, म्हणजे टायर पसरून चिखलाला धरतो.

दुसरी गोष्ट पायाची. आणि ही त्याने तीन-तीनदा सांगितली. पाय फूटरेस्टच्या बाहेर काढायचा नाही, काहीही झालं तरी. स्कूटीवर आपण थांबताना, तोल गेला की लगेच पाय जमिनीला टेकवतो. एटीव्हीवर पाय खाली सोडला तर मागचं जाड चाक तुमच्याच पायावरून जातं, पाय ओढून आत घेतं. ताईंना गाडी येतच नव्हती त्यामुळे त्यांना ही वाईट सवयही नव्हती, त्यांनी पाय एकदाही हलवला नाही. मला मात्र मनातल्या मनात सारखं म्हणावं लागत होतं, पाय आत, पाय आत.

तिसरी गोष्ट वळायची. या गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, दोन्ही सारखीच फिरतात, त्यामुळे हँडल नुसतं वळवलं तर गाडी सरळच जाऊ बघते. अंग थोडं पुढे घ्यायचं आणि ज्या बाजूला वळायचंय तिकडे झुकायचं, बाहेरच्या पायावर जोर द्यायचा. चढ आला की अंग पुढे, उतार आला की अंग मागे. ही गाडी माणसाने अंगानेच चालवायची असते, म्हणूनच मागे बसलेल्या माणसाला त्रास होतो, त्याला पुढे काय येतंय ते दिसत नाही, अंग आधी सावरता येत नाही, आणि सगळा दणका कमरेत. मागे बसलेल्या बायकांच्या कंबरा का दुखतात याचं उत्तर मला तिथे मिळालं.

ताई बसल्या. गाडी सुरू केली तर आवाजानेच त्यांनी माझ्याकडे बघितलं, "वहिनी, माले जमी का वं?" मी म्हटलं, "बठ ना वं ताई, काय व्हत नई." गाईडने मैदानात गोल राऊंड मारायला लावले. पहिले दोन राऊंड तो शेजारून चालत होता, हात त्यांच्या हँडलजवळ. ताईंचा अंगठा एवढा हळू दाबला जात होता की गाडी मुंगीच्या पावलांनी. मग एक क्षण आला, मी नीट बघत होते म्हणून सांगते, त्यांचे खांदे खाली आले. आतापर्यंत कानाला लागलेले खांदे एकदम सैल झाले आणि गाडीने वेग घेतला. गाईड बाजूला झाला. ताई एकट्या फिरल्या. त्यांचे मिस्टर बग्गीत बसून बघत होते, काहीच बोलले नाहीत, फोन काढून व्हिडिओ करायला लागले.

सरावाला वेळ मागून घ्या. मागे लाईन लागलेली असते, ते लोक दोन मिनिटांत चला म्हणतात. सांगायचं, अजून दोन राऊंड. देतात.

निघालो. पुढे एक गाईड, मग ताई, मग मी, मग आमचे हे, मग बग्गी, शेवटी दुसरा गाईड. पहिला भाग नारळाच्या आणि बांबूच्या झाडीतून, खालची माती भुरकट आणि ओली. आपली काळी माती पावसात चाकाला लगदा होऊन चिकटते, चाक फिरेनासं होतं, ही तशी नाही, ही घसरते. गाईड म्हणाला सगळी ज्वालामुखीची राख आहे, अगुंगचा डोंगर 1963 मध्ये फुटला होता आणि 2017 लाही धुमसला. आपल्या खान्देशची माती पण लाव्ह्याचीच, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे माणसांच्या आठवणीत डोंगर फुटलाय आणि त्याच मातीत वर्षाला दोन-तीन भाताची पिकं काढतात.

मग ओढा आला. खाली उतरायचा उतार चांगलाच तिरका, मधून चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या, खाली गढूळ पाणी, खोली दिसत नाही. पुढचा गाईड पार झाला आणि त्याने हात केला. ताई काठावर थांबल्या. मी मागून ओरडून सांगणार होते पण नाही ओरडले, हेल्मेटमधून ऐकूही आलं नसतं. त्या थोडा वेळ बसून राहिल्या, मग अंग मागे घेतलं जसं शिकवलं होतं तसं, अंगठा सोडला, इंजिनच्या ओढीवरच गाडी हळूहळू खाली गेली, पाण्यात शिरली, आणि पाण्यात शिरताच अंगठा दाबला. हे महत्त्वाचं आहे, पाण्यात थांबायचं नाही, एकसारखा हलका एक्सिलरेटर ठेवून पार व्हायचं. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, त्यांच्या ड्रेसचं काय झालं ते बघायलाच नको, आणि त्या पलीकडे. मागे वळून बघितलं त्यांनी. मी पण त्याच चाकोरीत घातली. गाडी खाली जाताना पोटात गोळा येतोच, पाणी मांडीपर्यंत उडतं, गार लागतं, आणि पलीकडच्या चढावर अंग पुढे घेऊन अंगठा दाबला की चारही चाकं जमीन धरून वर येतात ते हातांना कळतं. ते हातांना कळणं मागे बसून मिळत नाही.

आमचे हे ओढ्यानंतरच्या चिखलात फसले. चाक जागीच फिरायला लागलं, जेवढा एक्सिलरेटर देतील तेवढं खाली. गाईडने येऊन अंगठा सोडायला सांगितला, दांडा रिव्हर्सला टाकला, दोघांनी मागून-पुढून हलवून काढली. त्याला पाच-सात मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही दोघी पुढे सावलीत.

त्यानंतर भातशेती लागली आणि ही जागा मला सगळ्यात जास्त आवडली. पायऱ्या पायऱ्यांची शेतं, वरच्या शेताचं पाणी बांधातल्या छोट्या वाटेने खालच्या शेतात, तिथून त्याच्या खालच्या. ट्रॅक कडेने जातो, अगदी गाडीच्या रुंदीएवढा, एका बाजूला पाट. गाईडने आधीच निक्षून सांगितलेलं की इथे ट्रॅक सोडायचा नाही, चाक बांधावर गेलं तर बांध फुटतो आणि मग खालच्या माणसाचं पाणी जातं. इथे आम्ही दोघींनी इतकी सावकाश चालवली की मागचे कंटाळले असतील. पण शेतकऱ्याच्या बांधावरून कुणी गाडी घातली तर काय वाटतं हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मध्ये एक थांबा असतो, नारळपाणी देतात. ताई हेल्मेट काढून सरळ पाटाकडे गेल्या. एका ठिकाणी लाकडाचा ओंडका आडवा घातलेला आणि त्याला कमी-जास्त रुंदीच्या खाचा, त्यातून पाणी वाटलं जात होतं. बराच वेळ बघत बसल्या आणि मला म्हणाल्या, "आठे पानी कोन सोडस इचार बरं त्याले." म्हणजे इथे पाणी कोण सोडतं ते विचार. मी फोनवर भाषांतर करून गाईडला विचारलं. तो एकदम खुलला. म्हणाला गावातल्या शेतकऱ्यांची मिळून संस्था असते, सुबक म्हणतात, कुणाला कधी किती पाणी ते तीच ठरवते, पाण्याचं देऊळ असतं, तिथे बसून ठरतं, शेकडो वर्षांपासून चालू आहे. पुढे युनेस्कोने 2012 मध्ये त्याला जागतिक वारसा केलंय हे मला माहीत होतं, ते मी ताईंना सांगितलं.

ताई म्हणाल्या, "हाई ते आपला फडसारखंच शे." आणि खरंच आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे बांधून फडाची पद्धत आपल्याकडे तीन-चारशे वर्षांपासून आहे. शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार, हवालदार सगळ्यावर देखरेख ठेवणार, आणि कुणाचं शेत वर आहे की शेपटाला आहे याने पाण्यात फरक पडू द्यायचा नाही. बऱ्याच गावांत मोडलं ते, विहिरी-बोअर आल्या, वर धरणं झाली. ताईंच्या सासऱ्यांनी पाटाची कामं केलेली, त्यामुळे त्यांना सगळं पाठ. त्यांनी मला सांगायचं, मी फोनमध्ये बोलायचं, गाईड वाचायचा आणि उत्तर द्यायचा. तो स्वतः शेतकऱ्याच्या घरचा तिसरा मुलगा निघाला, तिथे पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या मुलाची नावं क्रमाने ठरलेली असतात म्हणून नावावरूनच कळतं. त्याने विचारलं तुमच्याकडे उंदरांचं काय करता. ताईंनी कपाळाला हात लावला. मग दोघं उंदरांवर बोलत राहिले, मी मध्ये फोन धरून उभी. दुसऱ्या गाईडने हॉर्न वाजवेपर्यंत हे चाललं होतं.

युनेस्कोच्या यादीत सुबक आहे आणि फडाचं नाव आपल्याच पोरांना माहीत नाही, हे मला तिथे उभं राहून फार लागलं. भाच्याने तिथे पहिल्यांदा विचारलं की फड म्हणजे काय. त्याच्या आईने त्याला तिथेच, गमबूट घातलेल्या पायांनी चिखलात रेघा ओढून दाखवलं.

परतीचा रस्ता सोपा होता, एका अंधाऱ्या बोगद्यातून नेतात, पाणी असतं आत, लाईट लावायची, बाकी काही नाही. आल्यावर अंघोळीची सोय असते, पण शॅम्पू-टॉवेल आपला न्या, आणि पूर्ण कपड्यांचा जोड न्या, आतल्या कपड्यांसकट, चिखल कुठेकुठे जातो ते सांगता येत नाही. जेवणात शाकाहारी पाहिजे असेल तर बुकिंग करतानाच सांगावं लागतं, तरीही तिथे परत विचारा, कारण भाताच्या परतलेल्या प्रकारात अंडं किंवा सुक्या मासळीची चटणी असू शकते. आम्ही बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली, गाईडला दिले बिबडे, त्याने भातावर चुरून खाल्ले.

फोटो तिथले लोक काढतात आणि नंतर वेगळे पैसे मागतात, आधी विचारून घ्या. स्वतःचा फोन खिशात ठेवला असेल तर प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. दुसऱ्या दिवशी अंगठा आणि दंड दुखतात, दोन दिवसांत जातं. ताईंची कंबर दुखली नाही, मी मुद्दाम विचारलं.

सीझनचं म्हणाल तर तिकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस, तेव्हा ओढ्याला जास्त पाणी असतं आणि राईड रद्दही होते. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, म्हणजे आपल्या मेच्या सुट्ट्या बरोबर बसतात, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र गोऱ्या लोकांची गर्दी आणि भाव वाढलेले. बुकिंग करताना एजंटकडून एवढं लिहून घ्या: सिंगल एटीव्ही, बाईच्या नावाने, सकाळचा स्लॉट, शाकाहारी जेवण, हॉटेलवरून जाणं-येणं धरून. आणि तो मॅडम लेडीज मागेच बसतात म्हणाला तर दुसऱ्या एजंटला फोन लावा.